काही होत नसताना करायची तपासणी

तपासणी फुकट आहे असं ऐकलं, तेव्हाच मला पहिला संशय आला. आमच्या विठ्ठलाच्या देवळामागच्या हॉलमध्ये एकादशीचं भजन आटपलं होतं. बायका चपला शोधत होत्या, तेवढ्यात एक नर्स पुढे येऊन कन्नडमध्ये बोलायला लागली. तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची, काही त्रास नसला तरी घ्यायची, बुधवारी सरकारी दवाखान्यात या, असं तिचं म्हणणं. तिने नावं लिहायला वही उघडली आणि हॉल रिकामा झाला.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. लष्कर मोहल्ल्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझी थोरली जाऊ ब्लाउज शिवायचो. तिला मी अक्का म्हणते. दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, अक्का सत्तावन्नची होती, आणि तिची कात्री माझ्यापेक्षा सरळ चालायची. माझे यजमान शाळेचे युनिफॉर्म शिवून आठवड्यातून दोनदा बसने हुणसूरला नेत, तिथल्या एका दुकानात पोचवत.

घरी येताना वाटेत हीच चर्चा. काही दुखत नसताना कोण तपासून घेतं? एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं की पूर्वी असंच तपासायला म्हणून बायकांना गाडीतून न्यायचे आणि मूल होऊ नये म्हणून ऑपरेशन करून परत पाठवायचे. अक्का म्हणाली, सुम्मने, म्हणजे उगाच, कोणी कोणासाठी काही करत नाही, यांना आपल्याकडून काहीतरी हवं असणार. मलाही ते पटलं. बुधवारी आम्ही दोघी मशीनवर बसून राहिलो.

त्याच वर्षी कुवेंपुनगरातल्या एका शिक्षिकेची मापं बदलायला लागली. बारा-पंधरा वर्षं ती माझ्याकडेच शिवायची. गौरीच्या सणाला शिवलेला ब्लाउज युगादीच्या पाडव्याला सैल झाला. मी तो आत घेतला. दोन महिन्यांनी पुन्हा आत घेतला. मला वाटलं, साखरेचा आजार असेल, किंवा डाएट करत असेल. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती माप द्यायला उभीच राहिली नाही, स्टुलावर बसून राहिली. पाळी गेल्यानंतर मधूनच रक्त जात होतं, उष्णतेने असेल म्हणून तिने आठ महिने कोणाला सांगितलं नव्हतं. आता पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरलेला निघाला होता.

"काही वर्षांआधी बघितलं असतं तर लहानशी गोष्ट होती, असं डॉक्टर म्हणतात," ती म्हणाली. "पण तेव्हा मला काहीच होत नव्हतं हो. मग मी कशाला जाईन?"

तिचा शेवटचा ब्लाउज न्यायला तिची बहीण आली.

त्यानंतर मी दवाखान्यात जायचं ठरवलं. अक्का तयार होईना. मी विधवा बाई, मला कुठून काय होणार, एवढी वर्षं कोणाचा हात लागला नाही, असं तिचं. मी तिला माझी सोबत म्हणून चल म्हटलं आणि तिथे गेल्यावर तिचंही नाव लिहून टाकलं. ती माझ्याशी पूर्ण सकाळ बोलली नाही. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने अक्काला सांगितलं की या रोगाचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, नवरा असो नसो, तपासायलाच हवं. मग आम्हा दोघींना एकेकीला पडद्यामागे घेतलं, एका बारीक ब्रशाने आतलं पाणी पुसून घेतलं, दोन मिनिटांत झालं. "भय पडबेडी," ती सारखी म्हणायची. घाबरू नका असं कोणी इतक्यांदा सांगितलं की मला खरंच भीती वाटते.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. अक्काचा साफ. माझा पॉझिटिव्ह. हा कॅन्सर नाही, फक्त विषाणू सापडलाय, दुर्बिणीतून बघायला पुढच्या महिन्यात या, असं नर्सने सांगितलं आणि एक कन्नड पत्रक हातात दिलं. बसस्टॉपवर मी ते वाचलं. शरीरसंबंधातून पसरतो, असं त्यात एका ओळीत लिहिलं होतं. बाकीचं पत्रक मी वाचलंच नाही.

मला एकच माणूस माहीत होता. मग तो कुठून घेऊन आला?

तो महिना मी नवऱ्यावर पाळत ठेवली. हे लिहिताना आज लाज वाटते, पण ठेवली. शर्ट धुवायच्या आधी वास घेतला. खिशातली बसची तिकिटं काढून वेळा बघितल्या. हुणसूरहून ते एरवी संध्याकाळी सातला यायचे, आता चारलाच यायला लागले होते. दारातून आत येताना खोलीभर नजर फिरवत. कोण आलं होतं, मशीन दुरुस्त करणारा आला होता का, किती वेळ बसला, असं विचारत. मनात खोट असलेला माणूसच असा चौकशा करत लवकर घरी येतो, असं माझ्या डोक्यात पक्कं झालं. अक्काला मी काही सांगितलं नाही. आपला रिपोर्ट साफ आला म्हणून ती खुशीत होती, आणि तिच्या साफ रिपोर्टचाही मला राग येत होता.

एका गुरुवारी ते निघाल्यावर मी पुढच्या बसने हुणसूरला गेले. दिवस तंबाखू भाजायचे होते, गावात शिरण्याआधीच वास यायला लागला. ते दुकान मला माहीत होतं. समोरच्या भांड्यांच्या दुकानात मी बराच वेळ पातेली बघत उभी राहिले. यजमान मालकासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते, तोंडात टाचण्या, मांडीवर निळा स्कर्ट, त्याची घडी उसवून पुन्हा घालत होते. दुकानात दुसरं कोणी आलं नाही. तासाभराने मालकाने चहा मागवला. मी एक चमचा विकत घेतला आणि परतीची बस धरली. एका दिवशी काही दिसलं नाही म्हणजे काही नाहीच असं थोडंच असतं, हा विचार बसमध्येही चालूच होता.

ते आले तेव्हा मी भाजी चिरत होते.

"आज कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

इंटरलॉकवाल्याकडे, कापडाच्या कडा मारून घ्यायला, मी म्हटलं.

"नव्हतीस. मी विचारून आलो."

मी विळीवरून हात काढला. त्यांनी आजवर कधी माझ्या मागे कुठे चौकशी केली नव्हती. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"हुणसूरला होते. तुम्हाला बघायला."

ते खाली बसले. मग मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. माझ्या रिपोर्टचा फोटो होता. मी तो हुकांच्या डब्याखाली ठेवला होता. त्यांना तो पहिल्याच आठवड्यात सापडला होता, आणि मेडिकलच्या दुकानात दाखवून हा विषाणू कसा येतो ते त्यांनीही विचारून घेतलं होतं.

"मी तुला बघत होतो," ते म्हणाले. "म्हणून चारला घरी."

मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या, साठीच्या पुढच्या, एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या माणसावर माझ्या नवऱ्याने महिनाभर संशय घेतला होता. आणि मी त्यांचे शर्ट हुंगत होते. त्या रात्री आम्ही जेवलो, पण एकमेकांच्या ताटाकडे बघत.

दुर्बिणीच्या तपासणीला दोघं मिळून गेलो. डॉक्टरला बहुतेक असे नवरा-बायको रोजच दिसत असावेत, कारण मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. हा विषाणू कोणाकडून आला आणि कधी आला, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होतो आणि शरीरच त्याला घालवतं. काही बायकांत तो राहतो, आणि राहिला तर हळूहळू, बऱ्याच वर्षांनी, बिघाड करतो. तो बिघाड दिसण्याआधीच पकडायचा, त्यासाठी ही तपासणी.

पंचवीस वर्षांपूर्वी म्हणजे लग्नाच्या आधी. ते त्यांच्याही लक्षात आलं असणार. बसमध्ये आम्ही शेजारी बसून आलो आणि तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही, मीही त्यांना विचारला नाही. आजतागायत विचारलेला नाही.

माझ्यात बिघाडाची सुरुवात झालेली होती. छोटा तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. मग गरम टोक लावून तेवढीच जागा जाळली. पोटात पाळीसारखी कळ आली, थोड्या वेळाने घरी पाठवलं. वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हा विषाणू नव्हता.

अक्काचा संशय मात्र वेगळ्याच बाजूने सुरू झाला. तिला सांगितलं होतं, पाच वर्षांनी या. तिच्या मते एवढी काळजी असती तर लवकर बोलावलं असतं. त्यात एका खाजगी लॅबचा माणूस मोहल्ल्यात दर वर्षी तपासणीचं पॅकेज विकत फिरत होता. ती माझ्याबरोबर पुढच्या खेपेला आली आणि डॉक्टरला सरळ विचारलं.

"तो म्हणतो वर्षाला, तुम्ही म्हणता पाच वर्षांनी. दोघांत खोटं कोण बोलतंय?"

डॉक्टरने खुर्ची ओढून अक्काला नीट सांगितलं. विषाणू आज नाही, तर पाच वर्षांत कॅन्सर होण्याची भीती फार कमी. दर वर्षी खोदत बसलं तर आपोआप जाणारंही सापडतं आणि बाईला नको ते उपचार होतात. पेशींची साधी तपासणी, पॅप, एवढीच करणारीला तीन वर्षांनी बोलावतात. पासष्टीपर्यंत रिपोर्ट साफ येत राहिले तर पुढे गरज नाही. पण मधेच रक्त गेलं तर पाच वर्षं मोजत बसायचं नाही, त्याच आठवड्यात यायचं. अक्काने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, पोरगी खरं बोलते असं वाटतंय, बघू. बासष्टाव्या वर्षी ती स्वतः रिक्षा करून गेली.

अक्का रिक्षाने गेली त्या वर्षी माझी मुलगी सत्तावीसची होती. या तपासणीला तिशी होऊ दे, त्याआधी विषाणू येतो-जातो, असं डॉक्टरने सांगितलं होतं. तिशी झाली तशी मी तिला आठवण करून दिली. दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. पहिल्यांदा त्या पावसाबद्दल, मग नातवाबद्दल बोलल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, सूनबाईला असल्या तपासणीला कशाला पाठवताय, तिला काही झालंय का, आमच्यापासून काही लपवताय का?

तो आवाज मला ओळखीचा होता. माझा स्वतःचाच होता.

"तिला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "काही झालेलं नसतानाच करायची असते ती."

त्यांना ते पटलं नाही. मग मी त्यांना शिक्षिकेचं सांगितलं, माझं सांगितलं, हुणसूरचं मात्र गाळलं. शेवटी त्यांनी विचारलं, मी अठ्ठावन्नची आहे, आजवर एकदाही केलेली नाही, आता गेले तर दवाखान्यात काय म्हणतील.

बुधवारी तिघी गेलो. सुनेचा आणि सासूचा, दोन्ही रिपोर्ट साफ आले. विहीणबाईंनी आपला रिपोर्ट दुसऱ्या एका डॉक्टरला दाखवून खात्री करून घेतली, आणि मग मला फोन करून सांगितलं.