केकच्या कपाटातली स्वारी

खासगी बाजारातल्या आमच्या घरमालकांना अख्खी गल्ली मछलीवाले पंडितजी म्हणायची, आणि त्या माणसाने जन्मात मासा चाखला नव्हता. कोणी नवखा मुरारहून विचारत विचारत यायचा आणि खालून हाक मारायचा, "पंडितजी, मछली मिलेगी?" वरून पंडितजी, म्हणजे आमचे नाना, शांतपणे सांगायचे, "बेचते नहीं भैया, पालते हैं." मग तो माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याला फसवून बोलावलंय. मी खालच्या मजल्यावरची भाडेकरीण, नुकतंच लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आलेली. मला कुठे माहीत होतं की माझ्या चुलीच्या बरोब्बर वर एक मासा राहतो, आणि रोज सकाळी घरमालक त्याला मुजरा करून कचेरीत जातात!

मासा महाशीर जातीचा. नाना संस्थानच्या एका कचेरीत कारकून होते, आणि वडिलांपासूनच्या रिवाजाने एका सरदारांच्या घरचा पत्रव्यवहारही सांभाळायचे. संस्थान विलीन झालं तेव्हा सरदारांनी बागेतला बंगला विकायला काढला. बागेतला हौद उपसला, आणि त्यातला एक वीतभर मासा सरदारांच्या बाईसाहेबांनी नानांच्या हाती दिला. म्हणाल्या, "नाना, एवढा सांभाळा. आमची काही व्यवस्था लागली की घेऊन जाऊ." झालं. दुसऱ्या कोणी ते हसण्यावारी नेलं असतं. नानांनी तो हुकूम मानला. त्या दिवसापासून मासा हा मासा राहिला नाही, ती सरदारांची अमानत, जपायला दिलेली ठेव झाली. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, 'स्वारी' म्हणायचं. स्वारी जेवली का, स्वारीला ऊन लागतंय, स्वारी आज नाराज दिसतेय.

आता अमानत खाली कशी ठेवायची? कोणी तिच्या डोक्यावरून चालेल. म्हणून स्वारी वरच्या मजल्यावर, बैठकीत. आधी पितळेच्या घंगाळात, मग टोपी बाजारातल्या एका आरसेवाल्याकडून करून घेतलेल्या काचेच्या पेटीत. मासा काही ऐकेना, वाढतच गेला. शेवटी नानांनी मुरारच्या छावणीतल्या एका बंद पडलेल्या साहेबी दुकानातून केक मांडायचं भलंमोठं काचेचं कपाट आणलं. ते जिन्यात मावेना, तेव्हा बैठकीची खिडकी चौकटीसकट काढून दोरांनी वर चढवलं, आडवं पाडलं, फटींत डांबर भरलं आणि पाण्याने भरलं. त्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. मी डाळीत पाणी घालायचं सोडूनच दिलं. झाकण उघडं ठेवलं की डाळ आपोआप पातळ व्हायची. तक्रार केली तर नाना म्हणायचे, "सूनबाई, व्यवस्था लागेपर्यंत जरा सांभाळून घ्या."

नानांची बायको, माई, बोलायला फटकळ. "यांनी मला लग्नात सात फेरे घालून आणलं," त्या सांगायच्या, "पण मुजरा कधी केला नाही." हौदात किडे-शेवाळ खाणारा तो जीव या घरात येऊन पुरता शाकाहारी झाला होता. सकाळ-संध्याकाळ माई कणकेच्या गोळ्या वळायच्या. एकादशीला गोळ्या बंद. "सगळ्या घराला उपास, आणि याला काय वेगळा धर्म?" असं म्हणून माईंनी त्याला साबुदाण्याची खिचडी घातली. पाणी असं पांढरंफटक झालं की दोन दिवस स्वारी आत आहे की नाही तेच कळेना. नाना काचेला नाक लावून बसलेले. शेवटी एक शेपूट दिसली, तेव्हा कुठे ते जेवले.

एकदा माईंच्या हळदीकुंकवाला माझ्या सासूबाई वर गेल्या. नेमकी तेव्हाच स्वारीने उडी मारली आणि थेट त्यांच्या पुढ्यात, सतरंजीवर येऊन पडली. सासूबाईंचा ठेवणीतला शालू ओलाचिंब. मासा आपटतोय, बायका पलंगावर चढल्यात, आणि नाना दारातून हात जोडून सांगतायत, "घाबरू नका, स्वारी आज खुशीत आहे." त्या दिवसापासून कपाटावर फळी आली, आणि फळीवर वजनाला माईंचा पाटा. पाटा उचलायची सोय नाही. त्यामुळे चटणी वाटायला माई कायम माझ्याकडे. त्या घरात पाहुण्याने चटणी मागितली की माई आधी कपाटाकडे बघायच्या, मग नानांकडे, आणि लोणचं वाढायच्या.

खरी परीक्षा जेठात, ज्येष्ठाच्या उन्हात. ग्वाल्हेरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, लू, ती भाजून काढणारी झळ, सुटली की माणसाचाच जीव घुसमटतो. मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागला. वाळ्याच्या ताट्या होत्या त्या सगळ्या कपाटाभोवती लागल्या, आम्ही बसलो घाम पुसत. नानांनी सायकलचा पंप आणला, त्याची नळी पाण्यात सोडली आणि हवा भरत बसले. आणि मध्यभारताचं राज्य असं, की उन्हाळ्यात सरकार इंदूरला जायचं, त्यामागे नानांची कचेरीही. मग पंप माईंच्या हातात. नऊवारीचा काचा मारून त्या पंप मारायच्या आणि प्रत्येक झटक्याला नानांच्या घराण्यातल्या एकेकाचा उद्धार करायच्या. इंदूरहून नानांचं पत्र यायचं. सगळं पत्र स्वारीचं, शेवटी एक ओळ: 'तुझी तब्येतही ठीक असेल.' माई पत्र मला वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बघ, मलाही विचारलंय हं."

मध्यभारत झाला तेव्हा नाना म्हणाले होते, ही व्यवस्था तात्पुरती आहे. मग राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळ. नानांनी पुन्हा सांगितलं, हीसुद्धा तात्पुरतीच. पण या वेळी बदलीचा हुकूम कायमचा होता. कपाट दारातून निघत नव्हतं आणि मासा कपाटात मावत नव्हता. दोन हातांचा झाला होता तो. कपाटात त्याला वळताच यायचं नाही, तोंड भिंतीकडे करून नुसता उभा राहायचा. त्याच्या नाकाला काच घासून जखम झाली होती. नाना तिला हळद लावायला बघायचे आणि ती पाण्यात विरघळून जायची.

"सोडून द्या हो त्याला," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज तेव्हा फटकळ नव्हता.

"अमानत आहे. सोडायचा अधिकार मला नाही. परवानगी लागेल."

बाईसाहेब तोवर बडोद्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. त्याच सुमाराला एका लग्नासाठी त्या लष्करात आल्या. नानांनी बंद गळ्याचा कोट चढवला, ठेवणीतली पगडी काढून डोक्यावर ठेवली. माई बरोबर गेल्या, आणि मीही गेले, कारण माझ्या छताचा निकाल लागायचा होता.

नानांनी वाकून मुजरा केला. "बाईसाहेब, स्वारीची प्रकृती तशी ठीक आहे. थोडं नाक दुखतंय."

"कोणाची?"

"आपण सोपवलेला मासा. हौदातला."

बाईसाहेबांनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि मग त्यांना हसू आवरेना. "अहो, तो अजून आहे? बाकीच्यांचं खानसाम्याने कालवण केलं. तो एक लहान होता, नुसते काटे. टाकायचा कशाला, म्हणून तुम्हाला दिला."

"आपण म्हणाला होतात, व्यवस्था लागली की घेऊन जाऊ."

"तसं म्हणायची रीत असते, नाना." हे त्यांनी मायेने सांगितलं, खोटं कशाला बोलू. पण नानांचा चेहरा मला बघवला नाही.

परत येताना टांग्यात बोलत होत्या त्या माई, ज्यांनी आठ वर्षं त्या माशाला शिव्या घातल्या होत्या. "नुसते काटे म्हणे! एकदा येऊन बघा म्हणावं. असा मासा त्यांच्या बापजन्मी हौदात होता का?"

दुसऱ्या दिवशी नानांनी मुजरा केला नाही, कचेरीतही गेले नाहीत. कपाटासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. मी पाट्यावर वाटलेली चटणी द्यायला वर गेले तेव्हा माईंना म्हणत होते, "म्हणजे तो आपलाच होता गं. इतकी वर्षं आपलाच. मला आधी कळलं असतं तर केव्हाच सोडला असता."

त्याच दुपारी पडद्याचा टांगा बोलावला. ओल्या गोधडीत गुंडाळलेला मासा नाना आणि माई दोघांनी मांडीवर आडवा घेतला, मी वरून लोट्याने पाणी घालत होते. पडद्याखालून पाणी गळताना बघून टांगेवाला घाबरला. "पंडितजी, अंदर कौन है?"

"जनाना है. बीमार है. जल्दी हाँको."

तिघऱ्याच्या तलावावर नाना कोटासकट गुडघाभर पाण्यात उतरले. गोधडी उलगडली. मासा एक क्षण त्यांच्या हातांत तसाच राहिला, जसा कपाटात राहायचा. मग शेपूट हलली आणि तो सरळ आत निघून गेला.

"बघा," माई काठावरून म्हणाल्या, डोळ्यांना पदर लावत, "इतकी वर्षं हातचं खाल्लं. मेल्याने एकदा वळूनही बघितलं नाही."

"वळायला जागा कुठे दिली आपण त्याला," नाना म्हणाले, आणि पाण्यात उभे राहून लहान मुलासारखे रडले. रडणं थांबलं तेव्हा त्यांनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं, टांग्यात येऊन बसले आणि माईंना विचारलं, भोपाळला बैठकीचं सामान न्यायचं की इथेच विकायचं.