पेडलमामा आणि चार नंबरची किटली

दिनांक ७ मे. तीन रात्रींचे, नाश्त्यासह, आठ हजार चारशे साठ रुपये आगाऊ भरून आम्ही नवराबायको त्या सहा खोल्यांच्या पर्यावरणपूरक हॉटेलात उतरलो, आणि हातातली बॅग खाली ठेवायच्या आधीच एका माणसाने मला सायकलवर बसायला सांगितलं.

सायकल अंगणातल्या छपराखाली सिमेंटात पक्की बसवली होती आणि मागच्या चाकाला वीज तयार करणारं यंत्र जोडलं होतं. गच्चीवरचे सोलर पॅनल आणि ही सायकल, एवढ्यावर सगळं हॉटेल चालायचं. प्रत्येक खोलीने रोज पंधरा मिनिटं पेडल मारायचं, असा नियम होता.

"भाडं भरलंय की मी," मी म्हणालो.

"ते खोलीचं, साहेब. पंख्याचं पायांनी द्यायचं."

हे पेडलमामा. वय साठीच्या आसपास. मांड्या पैलवानाच्या आणि वरचा देह शाळामास्तरांचा, घाईत चुकीची जोडणी झाल्यासारखा. पूर्वी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ही सायकल बसवायला एका सकाळी आले, चेन पडते म्हणून दुसऱ्या दिवशी परत आले, ते अकरा वर्षं झाली तरी घरी गेलेच नाहीत. आठवडाभर वाट बघून मामी डबा घेऊन आल्या. त्यांनी इथलं स्वयंपाकघर पाहिलं, नाक मुरडलं आणि ते ताब्यात घेतलं. अकरा वर्षांनंतरही मामा रोजंदारीवरच होते.

त्यांच्याकडे एक वही असे. खोली, तारीख, मिनिटं. पाहुण्याने चुकवलेली मिनिटं मामा स्वतः मारत आणि त्याच्या नावावर उसनी म्हणून लिहीत.

"हे बघा, मधुचंद्राला आलेलं जोडपं. चाळीस मिनिटं माझ्या अंगावर टाकून गेले. आता त्यांची मुलगी शाळेत जाते."

नोंदी चोख होत्या. खाडाखोड नाही, बेरजा बरोबर. मला मनापासून कौतुक वाटलं. पेडल मात्र मी मारलं नाही. पहिल्या दिवशी माझा उजवा गुडघा दुखत होता, दुसऱ्या दिवशी डावा.

तिसऱ्या दिवशी मामा सकाळपासून नवा शर्ट घालून फिरत होते. इस्त्रीला वीज लागते म्हणून तो चार रात्री उशीखाली ठेवला होता. संध्याकाळी पाच वाजता तपासनीस येणार होता. वर्षभरात बाहेरची वीज एक युनिटही वापरली नसेल तर हॉटेलला हिरव्या पानाची पाटी मिळणार होती, आणि पाटी लागली की मामांना कायम करायचं, असा मालकीणबाईंचा शब्द होता. महिन्याचा पगार आणि मागची खोली हक्काची. मामा मला मीटरपाशी घेऊन गेले. आकडा शून्य. त्यांनी तो रुमालाने पुसला.

"फार घासू नका," मामी आतून ओरडल्या, "एखादं युनिट पडेल!"

त्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलेलं. पॅनल नावालाच. आणि माझ्या बॅगेत विजेची किटली होती. हॉटेलातल्या चहाचा भाव मी आजवर कुठेच मान्य केलेला नाही. दुपारी चारला दार लावून मी पाणी उकळलं. एकदा माझ्यासाठी, एकदा हिच्यासाठी. तिसऱ्यांदा थर्मासपुरतं उकळत असताना अंगणात घंटा वाजायला लागली.

बॅटरी लाल रेघेला टेकली की ही घंटा वाजते. दहा मिनिटांत ती वर आली नाही, तर हॉटेल आपोआप बाहेरच्या विजेवर जातं आणि मीटर फिरतं.

"कोण खातंय वीज?" मामा दारोदार ओरडत धावले.

आमच्या सौभाग्यवतींनी जन्मात कधी खोटं बोललेलं नाही. तिने दार उघडलं. "हे चहा करतायत."

मामांनी किटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त बटण बंद केलं. मग सगळे दिवे-पंखे बंद करून सायकलवर चढले. उरला तेवढा फ्रिज.

"तोही बंद कर गं!" मामा स्वयंपाकघराकडे बघून ओरडले.

"आणि दूध नासलं तर? तुम्ही पेडल मारून दूध काढणार?"

घंटा थांबली, पण काटा रेघेच्या केसभरच वर होता. वीस मिनिटांनी मामांच्या पोटरीत पेटका आला. ते एका पायावर खाली उतरले आणि मीटरकडे बघत उभे राहिले. मी पँटच्या पायांना रबरबँड लावले आणि वर चढलो.

"दोन्ही गुडघे बरे झाले वाटतं," ही म्हणाली.

पाचला तपासनीस आला. घामाने निथळणाऱ्या माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हे कोण?"

मामांना सगळं सांगता आलं असतं.

"चार नंबरचे पाहुणे," ते म्हणाले. "फार हौस आहे त्यांना."

मामींनी तपासनिसाला माझ्या थर्मासमधल्या पाण्याचा चहा करून दिला. तो पीत पीत त्याने मीटर वाचलं, शून्य लिहिलं आणि "चहा फक्कड आहे," असं म्हणून गेला. मालकीणबाईंनी त्याच संध्याकाळी कागदावर सही केली. मामा कायम झाले. तो कागदही त्यांनी उशीखाली ठेवला.

सकाळी आमची बस लवकरची होती. मामांनी वही पुढे केली. तीन दिवसांची पंचेचाळीस मिनिटं, पैकी जमा चौतीस. मी बेरीज तपासली. बरोबर होती. खाली सही केली.

चार नंबरकडून अकरा मिनिटं येणे आहेत.