दिशाचा नमस्कार

लवू माडावर चढायचा तेव्हा त्याची बायको मालन म्हणायची, "ह्या माणसाचे डोळे तळपायाक आसत." खोटं नव्हतं ते. मुलुंड असो की बोरिवली, सोसायटीतल्या माडाला पाय टेकवला की लवू सांगायचा, हा आतून पोखरलाय, मी जाणार नाही वर. एकदा मात्र सेक्रेटरीसाहेबांनी फारच गळ घातली आणि भिडेपोटी तो तसल्याच माडावर चढला. माड मोडला. लवूच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि बेंबीखालचं शरीर त्याला कळेनासं झालं.

रडत बसणाऱ्यातला तो नव्हता. चाळीच्या तोंडाशी व्हीलचेअर लावून शहाळी विकू लागला. कोयता असा चालवायचा की गिऱ्हाईक आपोआप मागे सरायचं. लवू सावरला, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातंय म्हणायला!

बारावीच्या परीक्षेला निघालेल्या दिशाने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, वाकून त्याच्या पायांना हात लावला तेव्हा तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. त्याला पत्ताच नाही. पोर थोडा वेळ उभी राहिली आणि आशीर्वाद न घेताच निघून गेली. मागाहून मालनने सांगितलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून दिशा आधी मोठ्याने सांगायची, "बाबा, नमस्कार करते हां." मग तो खाली बघायचा आणि म्हणायचा, "सुखी रव." हे असं सांगून केलेलं त्याला जास्तच लागायचं.

अंधेरीच्या एका हॉस्पिटलात अशा पेशंटांवर नवा प्रयोग चालला होता. कमरेच्या हाडातून पेशंटच्याच पेशी काढायच्या, वाढवायच्या आणि कण्यात सोडायच्या. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "लवूभाऊ, चालाल असं मी म्हणत नाही. कदाचित काहीच होणार नाही."

मालनचे डोळे तेवढ्यानेही चमकले. घरी आल्यावर लवू तिला हळूच म्हणाला, "माका चलाक नको गे. चेडवान, आपल्या दिशान, पायार हात ठेवल्यान, तर तो कळाक व्हयो. तिचा लगीन होऊच्या आधी."

मालन पदराने नाक पुसत आत गेली.

पेशी सोडून झाल्या. रोज सकाळी मालन त्याचा अंगठा दाबायची. "काय कळता ओ?"

"नाय."

दिशाचं लग्न ठरलं, हॉल ठरला, तरी उत्तर तेच. मग एका सकाळी आंघोळीला बसवलं असताना लवू ओरडला, "गे, पाणी कढत आसा!" उजव्या मांडीवर ऊन पाणी त्याला लागलं होतं. मालनने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. डॉक्टरीणबाई हसल्या, पण हे पेशींमुळे की व्यायामामुळे, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाल्या.

ते कळणं उतरत उतरत गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. गुडघ्यावर टिचकी मारली की कळायची. त्याच्या खाली मारली की दुसऱ्याच कुणाच्या पायावर मारल्यासारखी. लवू दिवसभर शहाळी सोलायचा आणि मनातल्या मनात पायांना विनवायचा, अरे, एवढा एक दिवस तरी जागे व्हा.

लग्नाचा दिवस आला. पाठवणीच्या वेळी दिशा नवऱ्याबरोबर, देवेशबरोबर त्याच्यासमोर आली. "बाबा, नमस्कार करते हां."

ती गुडघे टेकून बसली. लवूने सगळा जीव पावलांत नेऊन ठेवला. तिचे मेंदी लावलेले हात त्याच्या पायांवर टेकलेले त्याला दिसत होते. नुसते दिसत होते.

"सुखी रव," तो म्हणाला.

"या शालूने वाट लावलीय यार," दिशा रडता रडता पुटपुटली आणि उठायला आधार म्हणून तिने त्याच्या उजव्या गुडघ्यावर तळवा दाबला. ऊन, घामेजलेला तळवा. हिरव्या चुड्याची कड रुतलेली त्याला कळली.

"परत कर," लवू म्हणाला.

"काय?"

"नमस्कार. परत कर."

फोटोग्राफर खूश झाला. नवऱ्याकडच्यांची गाडीत बसायची घाई चालली होती. दिशा पुन्हा गुडघे टेकून वाकली. या खेपेस लवूने पायांकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून तो तिच्या उठण्याची वाट बघत राहिला.