मळा विकून घेतलेलं घर

केनवडच्या स्टँडवर वाशिमची एसटी लागली, तेव्हा दादा मळ्यातून तसाच धावत आला होता. वांगी तोडून हात काळे झालेले, म्हणून माझ्या नव्या बॅगेला हात लावायला तो कचरत होता. आबा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "तिकडं नाही करमलं तं वापस ये. मळा हायच."

नर्सची नोकरी घेऊन मी आयर्लंडला आले. करमायला वेळ लागला, पण करमलं. लग्न झालं, मुलगी झाली. मग घरमालकानं आमचं भाड्याचं घर विकायला काढलं. दुसरं शोधत महिनोन्‌महिने फिरलो, मिळेना. शेवटी विकतच घ्यायचं ठरलं. बँकेतल्या बाईंनी आदबीनं समजावलं, की तुमचा व्हिसा तात्पुरता आहे, तुम्ही इथले कायमचे नाही; कर्ज देऊ, पण सुरुवातीची रक्कम इतरांपेक्षा बरीच जास्त भरावी लागेल. आमच्या सगळ्या बचतीतूनही ती उभी राहत नव्हती.

हे मी आईला फोनवर सांगितलं, नुसतं जीव हलका करायला. आबा बाजूला बसून ऐकत असतील, हे डोक्यातच आलं नाही.

काही आठवड्यांनी दादाचा फोन आला. आबांनी मळा विकला होता, विहिरीसकट. मी रडले, भांडले, पैसे घेणार नाही म्हणाले. त्या भाजीपाल्यावर दादाचा संसार चालत होता. तू अडवलं का नाहीस, असं त्याला विचारलं.

"तू घरासाठी वणवण फिरून राह्यली, अन् मी कायले अडवू? मी तं घरीच हाय."

आता तो दुसऱ्यांचा भाजीपाला टेम्पोतून रिसोडच्या बाजारात नेतो.

किल्ली मिळाली त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आबांना एकेक खोली दाखवली. त्यांच्यासाठी ठेवलेलीही दाखवली. लगेच त्यांच्या व्हिसाचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. अर्जदाराच्या नावावर गावात जमीन नाही, उत्पन्न नाही, तेव्हा तो परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण होतं. ते मराठीत करून सांगायला माझी जीभ रेटेना. कागद कमी पडले, म्हटलं.

"जमिनीचे मांगितले असतीन," आबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

मागच्या हिवाळ्यात गावी गेले, तेव्हा आबांसोबत मळ्याकडे फिरत गेले. नव्या मालकानं वाफे मोडून हरभरा पेरला होता. बांधाशी येताच आबा सवयीनं चप्पल काढायला वाकले. मग तशीच पायात सरकवून रस्त्यावर उभे राहिले.

"तिकडच्या घरात ऊन येते का?"

"येते, आबा."

"कोन्या खोलीत?"

"तुमच्या."

त्यांनी मान हलवली आणि आम्ही परत फिरलो.

इथं कोणी घर कुठं म्हणून विचारलं, की माझ्या तोंडून अजून केनवडच निघतं. आणि आई सांगते, केनवडला कोणी माझी चौकशी केली, की आबा समोरच्याला बसवून घेतात अन् आयर्लंडचं घर सांगतात. दार कुठल्या बाजूला, जिना कुठं, ऊन कुठल्या खोलीत. राहून आल्यासारखं.