लिहूनघ्या बाईंच्या दीर्घिका

भूगोलाच्या बाईंना सगळी शाळा ‘लिहूनघ्या बाई’ म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. बाई प्रश्न विचारायच्या, उत्तरही स्वतःच सांगायच्या आणि म्हणायच्या, “लिहून घ्या.” मग वर्गातल्या सगळ्या वह्यांत तेच उत्तर, त्याच शब्दांत, बाईंची चूक असेल तर चुकीसकट. तपासायला किती सोपं!

अशा बाईंना उतारवयात आकाशाचं वेड लागलं. दोष भाचीचा. तिने सुट्टीत येऊन मावशीला इंटरनेटवरचं फुकटचं आकाश दाखवलं. दुर्बीण नको, गच्ची नको, खुर्चीत बसून गुरूचे चंद्र बघा. बाई हरखल्या. शनिवारी शेवटच्या तासाला संगणकाची खोली मिळावी म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांच्या मागे टुमणं लावलं. खोलीवर गणिताच्या सरांचाही डोळा होता.

“पुढच्या महिनाअखेरपर्यंत घ्या खोली, मग येऊन बघतो,” मुख्याध्यापक म्हणाले. “पोरं काही शिकताना दिसली तर तास तुमचा. नाहीतर गणिताचा.”

आकाशाचा नकाशा पोरांनी दोन शनिवारांत चाटूनपुसून संपवला. मग बाईंना दीर्घिकांची, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांची, साइट सापडली. शास्त्रज्ञांकडे दूरच्या दीर्घिकांचे फोटो ढीगभर, बघायला माणसं कमी. म्हणून ते साऱ्या जगाला विचारत होते, ही दीर्घिका सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारखे वळणदार हात असलेली, लंबगोल की आणखी काही? एकच फोटो वर्गातल्या सगळ्यांना दाखवायचीही सोय होती. पर्याय दिलेले प्रश्न बघून बाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं. त्या पडद्यासमोर उभ्या राहायच्या, चष्मा सावरायच्या आणि सांगायच्या, “सर्पिल. दाबा.” सगळी पोरं दाबायची. वर्ग कसा शिस्तीत चालला होता.

आणि एका शनिवारी साइटच अडून बसली. पडद्यावर सूचना आली. तुमच्या गटाची सर्व उत्तरं तंतोतंत सारखी आहेत, ती यंत्राने भरल्याचा संशय आहे, कृपया आपण माणूस असल्याची खात्री पटवा. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

“मी माणूस आहे का, असं विचारतात मला,” घरी आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या. “सासरीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.”

नवरा भाजी चिरत होता. “पण पोरांना काय दिसतं, ते विचारलंस का तू?”

“विचारायचं कशाला? मी सांगते की.”

नवऱ्याने मान खाली घालून पुढची भेंडी चिरायला घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता. बाईंना मात्र रात्रभर ते ‘सांगते की’ टोचत राहिलं.

माणूस असल्याची खात्री साइटला कशी पटवायची, ते भाचीने फोनवरून सांगितलं. पुढचा शनिवार नेमका महिन्याचा शेवटचा. बाईंनी फोटो लावला आणि तोंड उघडलं. उत्तर जिभेवर आलं होतं. ते त्यांनी कडू औषधासारखं गिळलं.

“तुम्हीच बघा आणि ठरवा,” त्या म्हणाल्या.

पोरांना आधी खरंच वाटेना. मग एकजण म्हणाला सर्पिल, दुसरा म्हणाला लंबगोल, आणि जी मुलगी वर्षभर तोंडातून अक्षर काढत नव्हती ती म्हणाली, “या दोन आहेत, एकमेकींत अडकल्यात.” मग काय विचारता! बाकांवरून उठून पोरं पडद्याला नाक लावून भांडू लागली.

एवढ्यात दारात मुख्याध्यापक. त्यांच्या मागे गणिताचे सर, खोलीचा ताबा घ्यायच्या तयारीत.

“हे काय चाललंय?” मुख्याध्यापकांनी विचारलं. “बाई, बरोबर उत्तर कोणतं?”

सगळी पोरं बाईंकडे बघू लागली. तास हातचा जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

“मला माहीत नाही, सर,” त्या म्हणाल्या. सबंध नोकरीत हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. “साइटवाल्यांनाही माहीत नाही. म्हणून तर ते पोरांना विचारतायत.”

मुख्याध्यापक पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

“सर्पिलच आहे,” ते म्हणाले.

“मग हात कुठे आहेत ते दाखवा, सर,” ती न बोलणारी मुलगी म्हणाली.

मुख्याध्यापकांनी बोट नेलं, थबकले, खुर्ची ओढून बसले. दारातल्या गणिताच्या सरांनी हळूच घसा खाकरला.

“जरा थांबा हो,” मुख्याध्यापक मागे न बघताच म्हणाले. “इथे अजून काही ठरलेलं नाही.”