आलं-गेलं साहेब

दारात येऊन आपल्याकडे पाठ करून बसणारा सरकारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चपला पायरीखाली काढायचे, छत्री भिंतीला टेकवायचे आणि उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मग मांडीवरच्या फळीला कागद लावून समोरच्या रस्त्यालाच विचारल्यासारखं विचारायचे, "गेल्या सहा महिन्यांत घरात कोण आलं, कोण गेलं?" आत चुलीपाशी बसलेल्या बायकांना तोंड दाखवावं लागत नसे, म्हणून त्या बोलत. गावानं त्यांना आलं-गेलं साहेब म्हणायला सुरुवात केली. खरं आडनाव मला ठाऊक होतं, पण मनातल्या मनात मीही हेच म्हणायचे.

गाव बिद्रीपासून चार मैलांवर. मी वऱ्हाडातली, सातवीनंतर शाळा सुटलेली. मालक तिकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते तेव्हा लग्न झालं आणि ते इकडे साखर कारखान्यात लागल्यावर मी एक रात्र आणि एक दिवस प्रवास करून या गावात आले. मी "करून राहिले" म्हटलं की विहिरीवरच्या बायका पदराआड हसायच्या. दोन वर्षं मी गरजेपुरतंच बोलले.

सरकारनं चिठ्ठ्या टाकून काही गावं निवडली होती, त्यात आमचं निघालं. गावात दर महिन्याला झालेले जन्म आणि मृत्यू वहीत लिहून पाठवायचे, एवढंच काम. आधी ते करणारे शाळेतले मास्तर बदलून गेले तेव्हा साहेबांनी ते मला दिलं. सासूबाई म्हणाल्या, ही परमुलखातली, हिला गावाचं काय ठाऊक. साहेब म्हणाले, "म्हणूनच बरं की मावशी. गावातल्या माणसाला वाटतं, आपल्याला समदं ठाऊक हाय. मग ते विचारतच न्हाई." कुणीतरी मला माझ्या अनोळखीपणासाठी निवडलं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

दर सहा महिन्यांनी साहेब जिल्ह्याच्या गावी शाहूपुरीत असलेल्या ऑफिसातून एस.टी.नं यायचे आणि माझी वही उघडूनही न बघता तीच चौकशी घरोघर पुन्हा करायचे. मग त्यांची यादी आणि माझी यादी पुण्याला जुळवून बघत. "मी तुमची वही बघायची न्हाई, तुम्ही माझा कागद बघायचा न्हाई," हे ते प्रत्येक खेपेला बजावायचे. दुसरा नियम चहाचा. चौकशी संपेपर्यंत कुणाच्या घरी घोटभर चहा घेत नसत. चहा पुढं आला की माणूस गोड बोलतं, खरं बोलत न्हाई, असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे बारशाआधी गेलेल्या मुलाचं नाव काढत नाहीत. नाव ठेवलेलंच नसतं, तर काढणार काय. मातीआड करायचं आणि दुसऱ्या दिवशी शेणगोठ्याला लागायचं. अशी मुलं वहीत यावीत म्हणून साहेबांनी मला एक प्रश्न शिकवला होता. बाई म्हणाली की पोटातच गेलं, तर हळूच विचारायचं, रडलं होतं का. रडलं असेल तर ते जन्मलं, मग गेलं. दोन्ही नोंदी करायच्या. असं कशाला म्हणून मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कागदावर पोरं मरतच न्हाईत, म्हणून नर्स येत न्हाई. सरकारला दिसायला तर पायजे." मी वरच्या आळीतल्या बायकांच्या शेजारी बसून, त्यांचा हात हातात घेऊन अशी तीन मुलं वहीत आणली. त्या रडल्या, मी लिहिलं.

चौथी माझी होती. पहाटे झाली आणि दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत गेली. सासूबाईंनी मला सांगितलं, हे लिहायचं नाही, त्यानं पुढच्याची वाट अडते. त्यांनी सांगितलं म्हणून मी लिहिलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण त्या महिन्याची वही मी चार वेळा उघडली, टाक दौतीत बुडवला आणि चारही वेळा तो तसाच पुसून ठेवला. वही पाठवून दिली. माझ्या सहीनिशी.

आणि साहेबांच्या कागदावर मागच्या खेपेचं लिहिलेलं होतं: घर एक्केचाळीस, सून, सहावा महिना. सांगितलं होतं मीच.

ते आले त्या दिवशी सकाळपासून मी रस्त्याकडे कान लावून होते. ते घरं कधी उलटसुलट घेत नसत. दारावरच्या गेरूच्या आकड्यांप्रमाणं एकामागून एक. अडतिसाव्या घरातला त्यांचा आवाज मला ऐकू आला, मग एकोणचाळिसाव्या. चाळीसला त्यांना बराच वेळ लागला. काम जाणार हे तर धरूनच चालले होते. ज्या माणसानं माझ्यावर भरवसा टाकला त्याच्यासमोर मी खोटी ठरणार, याची भीती जास्त होती. मी मधल्या दाराआड जाऊन उभी राहिले.

सासूबाईंनी आधीच चहा टाकून ठेवला होता. साहेब टेकताच कपबशी त्यांच्याशेजारी नेऊन ठेवली. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि रस्त्याकडे बघत विचारलं, कोण आलं, कोण गेलं.

"न्हाई कोण आलं, न्हाई गेलं," सासूबाई म्हणाल्या.

"सूनबाईंना दिवस गेलते की, मावशी."

"पोटातच गेलं ते. न्हाई टिकलं."

साहेबांची पेन्सिल थांबली. ती बाई मी आहे, त्यांनीच नेमलेली, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते वळले नाहीत. पाठ तशीच ठेवून त्यांनी दुसऱ्या कोणालाही विचारलं असतं तसंच विचारलं, "रडलं होतं का?"

सासूबाई चूल फुंकायला बसल्या. चुलीतलं लाकूड तडतडलं. तो प्रश्न मी तीन घरांत विचारला होता, पण दुसऱ्या बाजूनं तो कसा लागतो ते मला तेव्हा कळलं.

"रडली," मी म्हणाले. "मुलगी होती. सकाळभर रडली."

त्यांनी लिहिलं. एक ओळ जन्माची, एक मरणाची. मग गार झालेला चहा उचलून शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि बेचाळीसकडे गेले.

संध्याकाळी ते एस.टी.साठी थांबले होते तिथं मी गेले. वही आता मागवून घेते आणि त्या महिन्यात भरते, म्हटलं. दोन्ही याद्या जुळतील, कुणाला कळणार नाही. मला वाटलं होतं ते चिडतील. ते नुसतेच मान हलवत राहिले.

"याद्या जुळवायच्याच असत्या तर दोन कशाला केल्या असत्या, बाई? तुमच्यासारख्या माणसाच्या हातनं एक सुटतं, तर बाकीच्या गावांत किती सुटत असतील, हे त्या न जुळण्यावरनंच कळतं. सुटलेलंपण मोजायचं असतं. तुमची चूक तशीच राहू द्या. ती कामाची हाय."

"माझं काम?"

"ते माझ्या हातात न्हाई. मी काय घडलं ते लिहिणार. तुम्ही आपल्या तोंडानं सांगितलं, तेपण लिहिणार."

तीन महिने मी पोस्टमन दिसला की आत जायचे. अखेर पुण्याहून न जुळलेल्या नोंदींचा कागद आला. साहेबांनी येऊन पुन्हा चौकशी केली, मी खाली सही केली. काम राहिलं. त्यांनी काय शेरा मारला ते मला कधी कळलं नाही आणि नियमाप्रमाणं मी विचारलंही नाही. त्यानंतर अकरा वर्षं मी वही लिहिली. एकही मूल सोडलं नाही, माझीही दोन त्यात आहेत, जगलेली.

त्यांची बदली झाली तेव्हाच्या शेवटच्या फेरीत त्यांनी एक पातळ छापील पुस्तिका आणली. चौकशी झाल्यावर, पहिल्यांदाच, तोंड घराकडे करून बसले. राज्याच्या खेड्यांत हजारी किती मुलं वर्षाच्या आत जातात, त्याचा आकडा होता. त्यांनी त्याखाली बोट धरलं आणि मला म्हणाले, "त्या सालचा हाय हा."

सासूबाई हात पुसत पुढं आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांनी त्या पोरीचा शब्द काढला नव्हता. कागदावर वाकून त्यांनी विचारलं, "यात ती कुठली?"

"वेगळी काढून दाखवता येत न्हाई, मावशी. पण ती नसती तर हा आकडा हा नसता."

सासूबाईंनी त्या आकड्यावर बोट टेकवलं. शेवटी एक ठिपका होता आणि त्याच्यापुढं एक लहानसा आकडा. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"किती दिस ठेवत्यात हे सरकारात?"

"कायम."

"मग बरं," म्हणाल्या, आणि साहेबांना चहा टाकायला आत गेल्या.