धम्मपालच्या डोक्यातलं नेटवर्क

आमच्या पॅथॉलॉजी आणि एक्स-रे लॅबच्या तेवीस शाखा, आणि त्यांचं नेटवर्क सांभाळणारा माणूस एकच, धम्मपाल. मी घाटकोपरच्या मुख्य ऑफिसात स्टोअर बघतो. मुलुंडची लाइन तुटली की काम विक्रोळीवरून वळवायचं, पण सकाळी आठ ते अकरा नाही, कारण तेव्हा त्या लाइनवरून एक्स-रेच्या फाइली जातात. अशा शेकडो गोष्टी त्याच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. "विचारा ना, मी आहे की," म्हणायचा. महाहट्टी!

कुठलं काम कुठल्या लाइनवरून जायचं, याचा एखादा नियम बदलायचा तर स्वतः त्या शाखेत जाऊन तिथल्या नेटवर्कच्या डब्याला, म्हणजे स्विचला, लॅपटॉप जोडायचा. आधी रिसेप्शनवरच्या बाईला सांगायचा, "दहा मिनिटं कॉम्प्युटर बंद, चहा घेऊन या."

नितेशला त्यानेच इथे नोकरीला चिकटवलं, हाताला धरून शिकवलं. गेल्या वर्षी नितेश म्हणाला, "दादा, माझी सर्टिफिकेटची परीक्षा आहे. तुमचं सगळं लिहून घेऊ?" सोळा वर्षं साहेबांना न दिलेलं धम्मपालने त्याला दिलं. तीन महिने, रोज जेवणाच्या सुट्टीत, वर स्वतःच्या डब्यातली भाजीसुद्धा.

मग एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आता सगळ्या शाखांचे स्विच इथूनच, एका प्रोग्रामने चालणार होते. नितेशने बटण दाबलं आणि मिनिटभरात तेवीस शाखांचे नियम बदलले. सगळ्यात आधी टाळ्या धम्मपालने वाजवल्या. मग पडद्यावर नियमांची यादी आली. त्याच्याच शब्दांत, एक्स-रेसकट. दुपारी त्याच्या हातात पत्र पडलं, महिनाअखेरीस कामावरून कमी.

जिन्यात त्याने नितेशला गाठलं. मी सोबत होतो.

"परीक्षा कधी होती रे?"

"नव्हती, दादा. साहेब म्हणाले, खरं कळलं तर तुम्ही सांगणार नाही."

"तू मागितलं असतंस तर दिलं असतं. खोटं कशाला बोललास?" केसाने गळा कापला होता त्याचा, तोही घरच्यासारख्या माणसाने. मला आजही आठवलं की राग येतो.

नितेशने खिशातून वही काढली. "दादा, मानखुर्दचं तेवढं राहिलंय. ती जुनी लाइन..."

आणि या माणसाने तेही सांगितलं! कुठली वायर, किती वाजता बंद ठेवायची, सगळं. नितेशने लिहून घेतलं.

"झालं तुमचं, नितेशसाहेब?" धम्मपालने विचारलं, आणि उत्तराला न थांबता तो जिना उतरून गेला.